शांतता समिती वर्षभर बसली पाहिजे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सणासुदीचे दिवस जवळ आले की जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते: पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक पार पडली. फोटोत मधोमध साहेब, दोन्ही बाजूंना माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त. अशी बैठक व्हावीच. पण ती वर्षातून दोनदा होते, तीही बंदोबस्त लागायच्या चार दिवस आधी, आणि जिथे पहिला दगड पडतो त्या गल्लीत राहणारे तिथे फार थोडे असतात. परक्यांविषयीचा द्वेष आणि अतिरेकी विचार वस्तीत शिरतात ते एरवीच्या दिवसांत. त्या दिवसांत नेमके काय करावे लागते, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. भिवंडीत १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. पुढे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ला समित्या उभारायला सुरुवात केली. अशा सुमारे ७० समित्या झाल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान निम्मे-निम्मे. पुढारी आणि गुंड बाहेर. मागावर काम करणारे, दुकानदार, शिक्षक अशी वस्तीतली साधी माणसे आत. प्रत्येक समितीला त्या भागातला पोलीस जोडून दिलेला. १९९२-९३ मध्ये शेजारच्या मुंबईतल्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, ९०० माणसे मेली. भिवंडी मात्र शांत राहिली. पोलीस त्या काळात ठाम उभे राहिले हे त्यामागचे एक कारण होतेच. पण अफवा उठली की कोणाला विचारायचे, हे लोकांना आधीपासून ठाऊक होते, हे त्याहून मोठे कारण होते. मुंबईतही १९९४ पासून तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले.

याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे गेले, त्यानंतर दोन पोलिसांना जमावाने मारले. जे एका पिढीने उभारले ते पुढच्या पिढीला आयते मिळत नाही. साहेबांची बदली झाली की समितीची वही कपाटात जाते, हा या कामाचा सर्वांत जुना रोग आहे.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा, एक दंगलीचे आणि एक शांत, जोड्या लावून सहा शहरे तपासली. निष्कर्ष असा की खेड्यात एकमेकांच्या घरी जाणे-येणे, सणाला ताट पाठवणे पुरते. शहरात ते पुरत नाही. व्यापारी संघटना, कामगार संघटना, क्लब अशा ठिकाणी दोन्ही समाजांची माणसे एकाच कामात गुंतलेली असतील तर दंगलीला आळा बसतो. वस्तीची समिती म्हणजे असे कायमचे सामायिक काम निर्माण करणे होय. म्हणूनच तिचा पहिला विषय ‘ऐक्य’ असू नये. गटार, पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी, गल्लीत आडव्या लावलेल्या दुचाक्या, रात्री बंद पडलेला दिवा यावर माणसे न बोलावता येतात आणि पुन्हा येतात. तीन महिने गटारीसाठी एकत्र महापालिकेत खेटे घातलेल्या दोन माणसांना चौथ्या महिन्यात एकमेकांना रात्री अकरा वाजता फोन करताना अवघडल्यासारखे होत नाही. समितीची सगळी कमाई म्हणजे तो फोन.

समिती साधारण तीनशे-चारशे घरांमागे एक असावी. माणसे पंचवीस ते तीस. त्याहून मोठी झाली की ती सभा होते आणि चारच जण बोलतात. त्यात निम्म्या बायका हव्यात. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या ताई यांना प्रत्येक घर आतून माहीत असते. बाकीच्यांत रिक्षा स्टँडवरचा एक, तालमीतला किंवा मंडळातला एक विशीतला मुलगा, मशिदीचे आणि बुद्धविहाराचे एकेक जण, शाळेतले शिक्षक, किराणावाला, चहाची टपरीवाला. टपरीवाला विसरू नये, अफवा सर्वांत आधी त्याच्याकडे येते. ज्याच्यावर गुन्हे आहेत तो नको आणि ज्याला पालिकेचे तिकीट हवे आहे तोही नको. दुसऱ्याला नाही म्हणणे जास्त कठीण जाते, पण तो आला की सहा महिन्यांत समिती त्याची होते.

बैठक पंधरा दिवसांतून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, एक तास. जागा पाळीपाळीने: एकदा शाळेचा वर्ग, एकदा मंदिराचा मंडप, एकदा मदरशाची ओसरी, एकदा समाजमंदिर. सारखे पोलीस ठाण्यात बोलावले की बायका येणे थांबते. रात्री नऊची वेळ ठेवली तरी तेच होते. संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ बऱ्याच वस्त्यांत जमते. बीट अंमलदाराने, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाने, खुर्ची न घेता सर्वांबरोबर सतरंजीवर बसावे. एक साधी दोनशेपानी वही ठेवावी: तारीख, हजर माणसे, तक्रार, कोणी पाठपुरावा करायचा, पुढच्या बैठकीपर्यंत काय झाले. अधिकारी बदलला की नव्या साहेबांसमोर हीच वही ठेवायची. गल्लीचा इतिहास दहा मिनिटांत कळतो आणि समिती पहिल्या पायरीवर घसरत नाही.

ओळखपत्रे देऊ नका. पोलीस ठाण्याच्या शिक्क्याचे कार्ड खिशात आले की कोणीतरी त्यावर मांडवली करायला लागतो. शाल-श्रीफळाचे सत्कार कमीत कमी ठेवा. आणि पोलिसांना आमचे कळकळीचे सांगणे: समितीच्या सदस्यांना खबरी समजू नका. ‘अमक्या घरात कोण येते-जाते’ असा प्रश्न बैठकीत एकदा जरी विचारला गेला तरी पुढच्या वेळी निम्मी सतरंजी रिकामी असते, आणि ती भरायला वर्ष लागते.

आता अफवेविषयी. १ जुलै २०१८ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलला एवढे निमित्त झाले. मुले पळवणारी टोळी म्हणून त्यांना मारहाण सुरू झाली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच ठार केले. त्याच दिवशी मालेगावातही हाच संशय परभणीकडून आलेल्या पाच जणांवर घेतला गेला. त्यात दोन वर्षांचे लेकरू होते. तिथे मात्र स्थानिक रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, दार लावले आणि पोलीस येईपर्यंत जमावाला थोपवले. पाचही वाचले. दोन्हीकडे अफवा तीच होती आणि जमावही होता. दाराशी कोण उभे राहिले, एवढाच फरक पडला.

त्या काळात फिरणारी चित्रफीत आजही अभ्यासवर्गात दाखवावी अशी आहे. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात, इतकेच त्यात दिसते. मूळ फीत पाकिस्तानातल्या कराचीची, मुलांच्या सुरक्षेविषयीची जाहिरात होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक धरतात. तो शेवट कापला आणि खाली आपल्या गावाचे नाव लिहिले. याच लाटेत सीरियातल्या विषारी वायुहल्ल्यात मेलेल्या मुलांचे फोटो अवयव काढलेली मुले म्हणून फिरले. अशा संदेशांत जागा अगदी जवळची असते, वेळ ‘आजच’ किंवा ‘काल रात्री’ असते, तारीख कधीच नसते, आणि ‘ताबडतोब पुढे पाठवा’ असते. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. फार वेळा फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाण येतो आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दुहेरी बाण दिसला की थांबायचे, हे आठवीतल्या पोरालाही पाच मिनिटांत शिकवता येते.

अफवा वस्तीत आली की पहिला अर्धा तास महत्त्वाचा. ज्याच्याकडे संदेश आला त्याने तो पाठवणाऱ्याला फोन करून एकच विचारायचे: तू स्वतः पाहिलेस का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही, ग्रुपवर आलं’ असे येते. मग ज्या गल्लीचे नाव आहे तिथल्या, म्हणजे समोरच्या समाजाच्या सदस्याला फोन. त्यासाठी समितीत आधीपासून जोड्या लावून ठेवाव्यात, आणि जोडीदाराचा क्रमांक बायकोच्या किंवा मुलाच्या फोनमध्येही असावा. फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाकून तो याआधी कुठे छापला गेला आहे ते पाहायचे. दरम्यान ठाणे अंमलदाराला कळवायचे. खात्री झाली की दोन्ही समाजांच्या दोन सदस्यांनी आपापल्या नावाने, अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश वस्तीच्या गटांवर टाकायचा: आम्ही दोघे आत्ता तिथे उभे आहोत, इथे असे काही झालेले नाही. ओळखीचा आवाज लागतो. पोलिसांच्या छापील आवाहनाने तेवढे काम होत नाही. एक चूक मात्र चांगली माणसेही करतात. खोटी फीत ‘ही खोटी आहे’ असे लिहून पुढे पाठवतात. लिहिलेले गळून पडते, फीत फिरत राहते. ती पाठवूच नये, शब्दांत सांगावे. मूळ संदेशाचा स्क्रीनशॉट मात्र क्रमांक, तारीख, वेळ दिसेल असा काढून ठेवावा. भारतीय न्याय संहितेच्या १९६ (समाजांत वैर पसरवणे) आणि ३५३ (अफवा पसरवणे) या कलमांखाली कारवाई करायची तर तो लागतो.

लांबची बातमी जवळ कशी पेटते याचे उदाहरण नोव्हेंबर २०२१ मधले अमरावती आहे. निमित्त त्रिपुरात मशिदींवर हल्ले झाल्याच्या बातम्यांचे होते, जळली ती अमरावतीतली दुकाने. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह मोबाइल स्टेटसवरून बंद पुकारला गेला आणि दगडफेक झाली. स्टेटसच्या प्रकरणात कोणी कोणाकडे जायचे हे आधी ठरलेले असावे. मुलाच्या स्वतःच्या समाजातले वडीलधारे, शिक्षक किंवा तालमीचे वस्ताद तासाभरात त्याच्या घरी पोहोचले, आईवडिलांसमोर स्टेटस काढायला लावले आणि त्यांनीच पोलिसांना कळवले, तर दुसऱ्या बाजूने मोर्चा काढायला निमित्त उरत नाही. मुलाचा फोटो आणि पत्ता गटांवर टाकणे हा गुन्हाच समजावा. गुन्हा झाला असेल तर एफआयआर होईल. त्यासाठी शे-दोनशे जणांनी ठाण्याला गराडा घालण्याची गरज नसते.

वर्णभेदाचा प्रश्न आपल्याकडे कोणी फारसा काढत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर धमक्यांचे संदेश फिरले आणि पुणे, बंगळुरू, चेन्नईतून ईशान्येकडची हजारो मुलेमुली मिळेल त्या गाडीने निघून गेली. केंद्राला त्या वेळी एका वेळी पाचच एसएमएस पाठवण्याचे बंधन घालावे लागले होते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला आणि वांशिक अपमानासाठी स्वतंत्र कलमे सुचवली. ती झाली नाहीत. पण २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या १०३(२) कलमात पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. कायद्याच्या आधीची पायरी वस्तीत आहे: हाका मारताना वापरले जाणारे ‘चिंकी’, ‘हबशी’, ‘भय्या’, खोली देताना चेहरा पाहून वाढवलेली अनामत, भाडेकरूंची पोलीस नोंदणी फक्त ‘त्यांचीच’ मागणे. नोंदणी सर्व भाडेकरूंची करा किंवा कोणाचीच करू नका. महाविद्यालयाजवळच्या समितीत ईशान्येकडच्या आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांचा एकेक प्रतिनिधी घ्या. औद्योगिक वसाहतीजवळ उत्तर भारतीय कामगारांचा घ्या.

भटक्या समाजांसाठी याहून साधी व्यवस्था पुरते. पाले पडली की सरपंच किंवा पोलीस पाटलांनी दोन सदस्यांसह जाऊन भेटावे, नावे वहीत लिहावीत आणि आठवडी बाजारात दवंडी द्यावी की अमक्या गावचे बहुरूपी, गोसावी आठ दिवस इथे आहेत, आम्ही त्यांना ओळखतो. संशयावरून कोणाला अडवलेच, तर ११२ ला फोन, त्यांना आत बसवणे, दाराशी गावातली चार ठाम माणसे आणि त्यांत दोन बायका, मोबाइलवर चित्रण बंद. चित्रण सुरू झाले की जमाव वाढतो आणि प्रत्येकाला आपण दिसावे असे वाटू लागते.

अभ्यासवर्गाविषयी थोडक्यात. दोन तास, बारा ते पंधरा माणसे, भाषण नको. प्रत्येकाला कागदावर आपल्या गल्लीचा नकाशा काढायला सांगा आणि ज्या घरात कधी पाणीही प्यायलो नाही त्यावर फुली मारायला लावा. फुल्या कुठे पडल्या यावर तासभर बोलणे होते. मग पाच छापील संदेश द्या, खरे-खोटे वेगळे करायला लावा आणि प्रत्येकाने कशावरून ठरवले ते विचारा. शेवटी टपरीवरचा प्रसंग करून पाहा: कोणी म्हणाले, ‘ती लोकं तसलीच.’ इतिहासावर वाद घालायला गेलात तर हरलात, कारण समोरचा चारचौघांत माघार घेत नाही. शांतपणे विचारा, ‘कोण? आपल्या गल्लीतला कोण?’ नाव घ्यावे लागले की माणूस सावरतो.

तरुण मुलांबाबत फार जपून बोलावे लागते. मे २०१४ मध्ये कल्याणहून चार मुले ‘इसिस’ या दहशतवादी संघटनेत सामील व्हायला इराकला गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात एका हिंदुत्ववादी कार्यकर्त्याकडे दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) गावठी बॉम्ब पकडले. अतिरेक कोणत्याही एका धर्माचा नाही, आणि समितीने दोन्हीकडे सारख्याच डोळ्याने पाहिले नाही तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. दाढी, टिळा, नमाज, उपास ही लक्षणे नव्हेत. जुने मित्र एकदम तुटणे, अभ्यास किंवा काम सोडणे, रात्रभर बंद गटांत असणे, घरच्यांनाही ‘भ्रष्ट’ ठरवणे, मरण-मारण्याची भाषा येणे, अशी दोन-तीन एकत्र दिसली तर आधी त्याच्या विश्वासातल्या माणसाने, मामाने, प्रशिक्षकाने, जुन्या शिक्षकाने त्याला भेटावे आणि पहिल्या भेटीत फक्त ऐकावे. पुष्कळदा मुळाशी नोकरी गेलेली असते, अपमान असतो, घरातले भांडण असते. मग समुपदेशक. शस्त्र, स्फोटक किंवा ठरलेला बेत कळला तर मात्र एक तासही थांबू नये, थेट पोलीस.

मिरवणुकांचे उदाहरण आशा देणारे आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईसह अनेक शहरांत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. असे निर्णय जिथे आधीच माणसे एकत्र बसत होती तिथे सहज झाले. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत तर गेली चार दशके मशिदीत गणपती बसतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळींविषयी दिलेल्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमून महिन्यातून किमान एकदा आढावा बैठक घ्यायला सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, शेवटची बैठक कधी झाली, हे आपल्या वार्ताहरांनी विचारावे. पोलीस अधीक्षकांनी बीटवार समित्यांच्या बैठकांचे वार जाहीर करावेत आणि बीट अंमलदाराची बदली करताना नव्याला निदान दोन बैठकांना जुन्याबरोबर बसवावे.

आपल्यालाही एक विनंती आहे. बाहेरगावच्या मारामारीच्या मथळ्यात धर्म किंवा प्रांत गरज असल्याशिवाय घालू नये, व्हायरल फितींतली चित्रे धूसर करूनही छापू नयेत, आणि खुलासा मूळ बातमी आली त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावा. जिल्हा पानावर महिन्यातून एकदा ‘या महिन्यातल्या अफवा’ अशी चौकट देता आली, तर तपासलेला मजकूर दर महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत आम्ही पाठवू.

आपले,
मोहल्ला समित्यांच्या कामातील काही कार्यकर्ते